आम्ही परदेशी

आमच्या घरमालकीण आजींचा नातू बँकॉकमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे. गेल्या १४ एप्रिलला, जयंतीसाठी, तो रजा काढून नागपूरला आला होता. एका रात्री वीज गेली. नागपूरचा एप्रिल, घरात बसणे शक्य नव्हते. आजी, त्यांची सून, नातू आणि आम्ही असे सगळे अंगणात बाजा टाकून बसलो. बोलता बोलता तो तिकडे गेल्यावर सुरुवातीला केलेल्या चुका सांगू लागला.

पहिल्याच आठवड्यात त्याने सोबत काम करणाऱ्या एका बाईच्या लहान मुलाच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला. बाई हसली, पण मुलाला मागे ओढून घेतले. थाई लोक डोके हा शरीराचा सर्वांत वरचा, मानाचा भाग समजतात. परक्याने त्याला हात लावू नये. पाय सर्वांत खालचा. हात गुंतलेले होते म्हणून त्याने एकदा पायानेच तांदळाचे पोते दाखवले, तर सगळे स्वयंपाकघर गप्प झाले. मूर्तीकडे तळवे करून बसणे तर फारच वाईट. तिथे हात जोडून नमस्कार करतात, त्याला 'वाई' म्हणतात. हा आपला लहानमोठ्या सगळ्यांना आधी हात जोडत सुटला, तेव्हा हाताखालची पोरे ओशाळली. कारण तिथे लहानाने आधी जोडायचे असतात. एकदा तो मजेत राजाविषयी काही बोलू लागला, तेव्हा एकाने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. राजाच्या अवमानाला तिथल्या कायद्यात एका गुन्ह्यामागे पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे.

"मला वाटलं होतं सर, आपण बौद्ध, तेही बौद्ध. घरच्यासारखंच असणार," तो म्हणाला. "तिथं गेल्यावर कळलं, धम्म एक असला तरी घर वेगळं असतं."

आजी सगळे ऐकत होत्या. सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "या मास्तर लोकायनं काय कमी चुका केल्या का? आन् हे तं इथलेच!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण वीज आल्यावर, पंख्याखाली पडल्यावरही ते शेवटचे चार शब्द काही जाईनात. हे तर इथलेच. आम्ही इथलेच, मग परक्या मुलखातून आलेल्या माणसासारख्या इतक्या चुका आमच्या हातून का झाल्या? त्या रात्रीपासून हे लिहायचे मनात होते.

या लेखात आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. आम्ही दोघे मियाँ-बीवी. दोघांनीही एकाच वर्षी बी.एड. केले, दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. लेखाखाली नाव एकाचे असले तरी चुका दोघांच्या आहेत. त्यांची वाटणी करत बसत नाही.

आमचे खानदान मोमीन, म्हणजे विणकरांचे. १८५७ च्या उठावानंतरच्या पडत्या काळात उत्तरेतली अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली आणि बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, कामठी अशा ठिकाणी माग मांडून बसली. कामठीला इंग्रजांची छावणी १८२१ मध्ये पडली होती. बाजार होता, कन्हान नदीचे पाणी होते. आमचे परदादा तिथेच आले. पुढे घर नागपूरच्या मोमीनपुऱ्यात आले. दादा सांगत, बाजारात मराठी लोक त्यांना 'परदेशी' म्हणत. दादांना याचा राग येई. "पैदा हुए कामठी में, और परदेसी कैसे?" असे ते विचारत.

आम्हालाही लहानपणी राग येत असे. आज मात्र वाटते, त्या शब्दात थोडे खरे होते. आमच्या घरी मागावर नऊवारी लुगडी विणली जात. काठ कसा हवा, कोणता रंग कोणत्या गावाला खपतो, हे दादांना तोंडपाठ होते. सूत देणाऱ्या सावकाराला ते रोज 'राम राम' घालत. पण ज्या बायकांसाठी लुगडी विणली, त्यांच्या घरात आमच्या घरातले कुणी कधी बसले नव्हते. मोहल्ल्यात मशीद, मोहल्ल्यात मदरसा, मोहल्ल्यात उर्दू शाळा, दुकान, दवाखाना. मराठी ही बाहेर बोलायची, कचेरीत आणि परीक्षेत लागणारी भाषा. उर्दू शाळेत मराठी सक्तीची असते. आम्ही ती चांगल्या गुणांनी पास झालो. पण पास होणे वेगळे आणि शेजार करणे वेगळे, हे पस्तिशीकडे झुकल्यावर कळले.

२०१७ च्या जूनमध्ये आम्हाला घर शोधावे लागले. वडिलोपार्जित घरात भाऊ वाढले, खोल्या वाढल्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी फिरलो. फोनवर भाडे ठरायचे, प्रत्यक्ष नाव सांगितले की खोली 'कालच गेलेली' असायची. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव असेल, म्हणून लांबण लावत नाही. शेवटी इंदोऱ्याच्या बाजूला एका गल्लीत एका बौद्ध आजींनी मागच्या दोन खोल्या दिल्या. त्यांनी नाव विचारले, शाळा विचारली आणि म्हणाल्या, "मास्तर हायेत ना दोघंही? मंग या."

आमची पहिली चूक त्याच दिवशी झाली. उपकाराने भारावून आम्ही म्हणालो, "आजी, आम्ही राजीनामा लिहून देतो." आजी बघतच राहिल्या. "खोलीत पाय नाई टाकला आन् राजीनामा?" उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंच्या रजामंदीचा कागद. मराठीत नोकरी सोडण्याचा. शब्द तोच, अर्थ उलटा. दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीने समोरच्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला 'दादा' अशी हाक मारली. आपल्याकडे दादा म्हणजे आजोबा. पण मराठीत थोरला भाऊ. ते बाबा मात्र खूश झाले. आजही ते तिला "माझी बहीण आली" म्हणतात.

अशा चुकांनी कुणाचे काही बिघडत नाही, उलट ओळख वाढते. बिघडते ते पुढच्या प्रकारच्या चुकांनी.

आजींचा धाकटा नातू तेव्हा चौथीत होता. आमच्याकडे गणित विचारायला यायचा. तो "मले समजलं नाई" म्हणाला की आम्ही त्याला थांबवायचो. "मले नाही, मला म्हण. नाई नाही, नाही म्हण." शिक्षकाची खोड. पुस्तकातली मराठी तीच खरी, असे आम्हाला वाटत होते. आम्ही ती पुस्तकातूनच शिकलो होतो. एक दिवस आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "मास्तर, माह्या मायनं मले असंच बोलाले शिकवलं." आणि निघून गेल्या.

आम्हाला आमची फुफी आठवली. तिचे लग्न लखनौकडे झाले. सासरी तिच्या 'हौ' आणि 'मेरे को' वर सगळे हसत, तिची उर्दू दुरुस्त करत. वर्षभर ती तिथे कुणाशी बोलली नाही. जी जखम आपल्या घरात होती तीच आम्ही दुसऱ्याच्या घरात करत होतो, आणि तेही त्यांच्याच छपराखाली बसून.

परक्या भाषेत जाताना माणूस कसा जातो, याची चांगली उदाहरणे आपल्या मराठीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आला. इथली भाषा शिकून त्याने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले, ते १६१६ मध्ये छापले गेले. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिला तो लोकांच्याच भाषेत, लोकांमध्ये बसून. ही मोठी माणसे. त्यांच्याशी आमची तुलना नाही. पण भाषा दुरुस्त करायला नव्हे, ऐकायला जावे लागते, एवढे त्यांच्यापासून शिकता येते. आता आजींशी बोलताना आमच्याही तोंडात 'मले' येते. शाळेत 'मला' शिकवतो, अंगणात 'मले' बोलतो. दोन्ही मराठीच.

दुसरी चूक सलामाची. गल्लीत सकाळी भेटणारा प्रत्येक जण 'जय भीम' म्हणायचा. आम्ही मान हलवायचो, फार तर 'नमस्कार' म्हणायचो. मनात भीती होती की हे धार्मिक की राजकीय, आणि मुसलमानाने म्हणावे की नाही. मोमीनपुऱ्यात अब्बांना विचारले तर ते म्हणाले, "आदाब कह दिया करो." आदाब कुणाला कळत नव्हते. महिना-दोन महिन्यांत लोकांनी आम्हाला 'जय भीम' म्हणणे थांबवले. रस्ता तोच, माणसे तीच, पण आमच्याशी नजर मिळाली की ती खाली जाऊ लागली. आम्हाला वाटले, मुसलमान म्हणून टाळतात. त्यांना वाटले, आमच्या बाबासाहेबांचे नाव घ्यायला यांची जीभ वळत नाही.

याच भागातल्या विहारात राहिलेल्या एका माणसाची गोष्ट आम्हाला तेव्हा समोरच्या त्या बाबांनी ऐकवली. पुढे आम्ही ती वाचूनही घेतली. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई. जन्म जपानात, १९३५ चा. काही काळ थायलंडमध्ये राहून ते भारतात आले, राजगीरला निचिदात्सु फुजी यांच्या शांतिस्तूपाच्या कामात राहिले आणि तिथून नागपूरला आले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या वामनराव गोडबोले यांना ते इथे भेटले. चेहरा वेगळा, भाषा वेगळी, रीत वेगळी. सुरुवातीला नागपूरच्या लोकांनाही हा माणूस विचित्रच वाटला. मग ते भेटेल त्याला 'जय भीम' म्हणू लागले, आणि लोकांची भीड मोडली. व्हिसाची मुदत उलटली म्हणून त्यांना देशाबाहेर घालवण्याचा प्रश्न पुढे उभा राहिला. पण १९८७ मध्ये त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. नंतर ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्यही झाले.

ते बाबा आम्हाला म्हणाले, "तो जपानहून येऊन दोन शब्द शिकला. तुमचं मोमीनपुरं किती दूर हाय?"

मोमीनपुरा इंदोऱ्याहून थोड्याच अंतरावर. आम्ही मान खाली घातली. दादांचा 'राम राम' आठवला. त्या माणसाचा पाचही वक्तांचा नमाज कधी चुकला नाही आणि सावकाराला घातलेला राम रामही चुकला नाही. त्यांच्या ईमानाला काही झाले नाही. मग आमच्याच ईमानाला भीती का? ज्या माणसाने पिढ्यानपिढ्यांच्या अपमानातून लोकांना बाहेर काढले, त्याचे नाव त्यांच्या गल्लीत घेणे ही इबादत नव्हे, इज्जत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच आधी म्हणालो. उत्तर इतक्या जोरात आले की लेक दचकली.

तिसरी चूक मौतीची. २०१८ च्या थंडीत आजींचे दीर वारले. शेजारच्याच घरात. रडण्याचा आवाज आला तेव्हा आम्ही उठून बसलो. जावे की नाही? त्यांच्यात काय करतात? आत गेले तर चालेल का? आपण काही चुकीचे बोललो तर? असा विचार करता करता सकाळ झाली, मयत निघाली. आम्ही खिडकीतून पाहत राहिलो. आपल्याकडे मौतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. तेही आम्ही पाठवले नाही, कारण त्यांच्यात काय रीत आहे हे माहीत नव्हते. विचारले असते तर एका मिनिटात कळले असते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र बोलावणे आले आणि आम्ही गेलो. आमच्यातल्या एकाने मान म्हणून टोपी घातली, दुसरीने ओढणी डोक्यावर घेतली. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत, उघड्या डोक्याने बसलेले. एक पोरगा जवळ येऊन कानात म्हणाला, "सर, टोपी काढा. बुद्धासमोर टोपी नाही घालत." हात टोपीकडे गेला तोच आजी पुढून म्हणाल्या, "राहू दे रे. त्यायच्यात डोकं झाकून मान देतात."

ज्या बाईच्या घरच्या मौतीला आम्ही गेलो नव्हतो, तिला आमची रीत माहीत होती. तिने कधीतरी कुणाला तरी विचारून घेतली असणार. कार्यक्रम संपल्यावर आम्ही माफी मागितली, त्या रात्री का आलो नाही ते सांगितले. त्या म्हणाल्या, "चुकलं असतं तं चुकलं असतं. आले असते तं काय झालं असतं?"

या वाक्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

आणि आता सर्वांत मोठी चूक. तो दिवस १८ मे २०१९ चा, बुद्धपौर्णिमेचा. त्या वर्षी रमजान ७ मे रोजी सुरू झाला होता. भर दुपार, बाहेर आग ओतत होती. आजी स्वतः खिरीचे ताट घेऊन मागच्या दारी आल्या. सुजाताने बुद्धांना खीर दिली, म्हणून त्या दिवशी घरोघर खीर करतात. आम्ही दोघेही रोज्याने थकलेलो. दार उघडले आणि तोंडातून शब्द निघाले, "आजी, आज नको. आम्हाला चालत नाही."

आजींचा चेहरा पडला. काही न बोलता त्या ताट घेऊन परत गेल्या.

आम्हाला वाटले, त्यांना समजले असेल. रमजान चालू आहे हे सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा नातू गणित विचारायला आला नाही. चौथ्या दिवशी आम्ही सुनेला विचारले. ती आधी सांगेना. मग म्हणाली, "मॅडम, त्या लहान असताना गावात ज्यांच्या घरी काम करायच्या, ते लोक हाच शब्द बोलायचे. 'तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही.' त्यांना वाटलं, तुम्हीही तसेच."

आम्ही तिथेच खाली बसलो. 'चालत नाही' हे दोन साधे शब्द. आमच्या पुस्तकी मराठीत त्यांचा अर्थ एवढाच की आज खाता येत नाही. पण शब्द नुसते शब्दकोशात राहत नाहीत, लोकांच्या अंगावर राहतात. ज्या माणसांना शेकडो वर्षे पाण्यापासून, पंगतीपासून दूर ठेवले गेले, त्यांच्यासमोर हे शब्द उच्चारताना आम्हाला त्यांचा इतिहास माहीत असायला हवा होता. इस्लाममध्ये उच्चनीच नाही, एका थाळीत जेवणे ही आपली रीत आहे, हे आपण व्यासपीठावर अभिमानाने सांगतो. त्या दुपारी एका थाळीला दारातून परत पाठवणारे आम्हीच होतो. 'रोजा आहे आजी, ठेवून जा, संध्याकाळी याच खिरीने सोडतो' एवढे म्हणायला किती वेळ लागला असता?

त्याच संध्याकाळी मगरीबच्या थोडे आधी आम्ही लेकीला घेऊन आजींच्या पुढच्या खोलीत गेलो. दस्तरखान सोबत नेला, खजूर नेले. आजींना सगळे सांगितले. रोजा म्हणजे काय, पाणीही का नाही, आणि आमच्या तोंडून काय निघून गेले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "दूध हाय का घरात? खीर टाक." अजानच्या वेळेपर्यंत खीर झाली होती. आम्ही तिथेच बसून, त्यांच्याच वाटीतून रोजा सोडला. आजी समोर बसून पाहत होत्या. आम्ही दुसरी वाटी मागितली तेव्हा त्या पदराने डोळे पुसत उठल्या. त्यांची वाटी घरी आली की आता आम्ही ती रिकामी परत पाठवत नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतो. हेही त्यांच्याकडूनच शिकलो.

त्या वाटीची किंमत पुढच्या वर्षी कळली. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. दिल्लीच्या मरकजच्या बातम्या दिवसरात्र चालू होत्या, आणि इकडे मोमीनपुरा आणि सतरंजीपुरा सील झाला होता. अब्बा-अम्मी आत, आम्ही बाहेर. गल्लीत कुजबुज सुरू झाली. एक जण आजींकडे येऊन म्हणाला, यांना काही दिवस दुसरीकडे जायला सांगा. मागच्या खोलीत आम्हाला सगळे ऐकू येत होते. आजी म्हणाल्या, "तीन वर्षं झाले, माह्या घरातले हायेत ते. आजारी पडले तं मीच पाहीन. तू आपल्या घरी जा."

खीर त्या संध्याकाळी खाल्ली नसती, तर आजींनी त्या दिवशी काय उत्तर दिले असते? त्या चांगल्या बाई आहेत, कदाचित हेच दिले असते. पण त्यांच्या उत्तरावर आमचा हक्क राहिला नसता.

नातवाच्या गोष्टी ऐकताना हे सगळे पुन्हा डोळ्यांसमोर आले. तो बौद्ध असून बौद्धांच्या देशात चुकला. आपले लोक हजला जातात तेव्हा हरमशरीफमध्ये उघड्या डोक्याने नमाज पढणारे लोक पाहून चकित होतात. दीन एक, तरी रीत वेगळी. आणि आम्ही एका शहरात राहून चुकलो. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेले हे शहर. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना राजे रघुजी भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतले. १९२५ मध्ये त्यांनी पर्दा केला, पण ताजबागेत आजही मराठी बायाबापड्यांची रीघ असते. मराठी माणूस आपल्या दर्ग्यापर्यंत येतो. आपण त्याच्या अंगणापर्यंत किती जातो?

समाजात आपण नेहमी म्हणतो की आपल्याला घर मिळत नाही, आपल्याला परके समजतात. हे खरे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. आम्हीही ते भोगले आहे. पण जिथे दार उघडले गेले, तिथे आम्ही आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो, हेही तितकेच खरे आहे. आमच्या चुकांचा हिशेब मांडला तर दिसते की काही केले म्हणून क्वचितच बिघडले. चूक होईल या भीतीने जे केले नाही, विचारले नाही, बोललो नाही, त्याने बिघडले. चुकीचा शब्द माणूस विसरतो. बंद दार विसरत नाही.

नातू परत जायच्या आदल्या दिवशी भेटायला आला होता. त्याच्या स्वयंपाकघरात थायलंडच्या दक्षिणेकडचा, पट्टाणीचा एक मुसलमान आचारी आहे. त्या भागात मुसलमानांची वस्ती मोठी आहे. सुरुवातीला तो कुणाशी फारसा बोलत नसे. एका सकाळी आमच्या या पोराने त्याला "अस्सलामु अलैकुम" म्हटले. आचारी आधी पाहतच राहिला. मग त्याने सलामचे उत्तर दिले आणि त्या दिवसापासून तोच याला थाई शब्द, तिथल्या रीती समजावून सांगू लागला.

"कुणाकडून शिकलास रे?" आम्ही विचारले.

"तुमच्याकडूनच, सर. रोज सकाळी तुम्ही फोनवर तुमच्या अब्बांना म्हणता ना, मागच्या खोलीतून ऐकू येतं."

आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इथे तो चालतो.